संशयाचा फायदा खेकड्याला द्या

२००९ साली खेकड्यांचे अभ्यासक नील कंबरलिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पहिली जागतिक झडती घेतली. तोवर शास्त्राला ठाऊक असलेल्या सगळ्याच्या सगळ्या १,२८० जाती त्यांनी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीच्या, म्हणजे संकटातल्या जातींच्या यादीच्या, निकषांवर तपासल्या. ४२५ जातींची तूर्त काळजी नको, असं निघालं. २२७ जाती संकटात किंवा संकटाच्या उंबरठ्यावर निघाल्या. राहिल्या ६२८. त्यांच्यापुढे शेरा पडला, ‘माहिती अपुरी’.

मला बोलायचंय ते या तिसऱ्या, सगळ्यांत मोठ्या आकड्याबद्दल.

शेरा मारणाऱ्यांनी तो प्रामाणिकपणे मारला आहे. आययूसीएनची मार्गदर्शक तत्त्वंही बजावून सांगतात की या शेऱ्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घेऊ नये. पुढे शोध घेतल्यावर ही जात संकटग्रस्त ठरण्याची शक्यता त्यात गृहीत धरलेली आहे. पण हा कागद शास्त्रज्ञाच्या टेबलावरून नियोजन करणाऱ्याच्या टेबलावर गेला की त्याचा अर्थ बदलतो. डोंगरउतारावर रस्ता काढायचा असतो, दगडाची खाण सुरू करायची असते, ओढा अडवून छोटा बंधारा घालायचा असतो. परवानगीच्या कागदपत्रांत रकाना असतो तो संकटग्रस्त जातींचा. ‘माहिती अपुरी’ असलेली जात त्या रकान्यात येत नाही, त्यामुळे ती चर्चेतच येत नाही. एखाद्या जातीबद्दल काहीच ठाऊक नसणं आणि तिला काहीच धोका नसणं, या दोन गोष्टींचा प्रत्यक्षातला परिणाम एकच होतो. संशयाचा फायदा जातो तो खोदणाऱ्याला.

गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या बाबतीत तरी हा फायदा उलट्या बाजूला जायला हवा, असं माझं म्हणणं आहे. त्यात भूतदयेचा भाग थोडा. खरं कारण या प्राण्याच्या जननक्रियेत आहे, आणि ते इतकं ठोस आहे की एखाद्या जातीविषयी माहिती नसतानाही तिच्या परिस्थितीबद्दल बराच अंदाज बांधता येतो.

समुद्रातला खेकडा घ्या. मादी लाखांनी अंडी घालते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या निळ्या खेकड्याची मादी एका वेळी वीस लाखांपर्यंत जाते. अंड्यातून बाहेर पडतो तो खेकडा नसतोच. ती असते झोइया नावाची, डोळ्यांनी दिसेल न दिसेल अशी अळी. ती प्रवाहाबरोबर वाहत जाते, पुन्हा पुन्हा कात टाकते, मग मेगालोपा होते आणि कुठेतरी तळाशी टेकल्यावर खेकडा बनते. या प्रवासात बहुतेक मरतात, पण वाचतात त्या दूरवर पोचलेल्या असतात. एका किनाऱ्यावरची संख्या खचली तर दुसरीकडून भर पडू शकते.

गोड्या पाण्यातल्या खऱ्या खेकड्यांनी ही अळीची अवस्थाच अंड्याच्या आत कोंडली आहे. अंडी थोडी, काही डझन ते काहीशे, पण मोठी आणि बलकाने भरलेली. अळीपणाचे सगळे टप्पे आतच उरकतात आणि बाहेर येतो तो बोटाच्या पेरावर मावेल असा पुरता खेकडा. तोही लगेच निघून जात नाही. आईच्या पोटाखाली दुमडलेल्या रुंद पट्टीच्या आत पिल्लं आणखी काही काळ चिकटून राहतात. वाहत्या ओढ्यात अळी सोडणं म्हणजे तिला समुद्राच्या दिशेने हाकलून देणं, तेव्हा ही सोय शहाणपणाची आहे. पण तिची किंमतही आहे. पिल्लू आईच्या आसपासच वाढतं, आणि आई तर पायांनी चालणारी. मध्ये कोरडी डोंगरधार आली की पलीकडच्या ओढ्याशी संबंध संपतो. काही लाख वर्षं असं चाललं की दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या जाती होतात.

जगात आज अशा दीड हजारांहून अधिक जातींची नोंद आहे, ती यामुळेच. खेकड्यांच्या एकूण जातींपैकी साधारण पाचातली एक गोड्या पाण्यात राहते, आणि तीही समुद्रापुढे नगण्य असलेल्या पाण्यात. एकट्या चीनमध्ये तीनशेच्या वर जाती आहेत. श्रीलंकेसारख्या लहान बेटावर पन्नासहून अधिक, आणि त्यातल्या जवळपास सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात प्लॅटीथेल्फ्युसा नावाचा एक गटच्या गट फक्त त्या सरोवरापुरता उत्क्रांत झाला आहे. त्यातल्या एकाच्या नांग्या तिथल्या जाड कवचाच्या गोगलगायी फोडण्याइतक्या दणकट झाल्या आहेत. सह्याद्रीच्या जांभ्या सड्यांवर, म्हणजे सपाट उघड्या खडकाळ माथ्यांवर, गेल्या दहाएक वर्षांत घाटियाना या नावाखाली एकेक नवा रंगीत खेकडा नोंदवला गेला. नोंदी व्हायला इतका उशीर का झाला याचं उत्तर सोपं आहे. सड्यावर पावसात जाऊन कपारीत हात घालणारं कुणी नव्हतं.

इथे एक घोळ टाळायला हवा. गोड्या पाण्यात दिसतो तो प्रत्येक खेकडा या हिशेबात बसत नाही. चिनी मिटन खेकडा नद्यांतून शेकडो किलोमीटर वर चढतो, पण वीण घालायला त्याला खाऱ्या पाण्यातच परतावं लागतं, आणि त्याच्या अळ्या तिथेच वाढतात. म्हणूनच तो गेल्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पोचला आणि तिथे उपद्रव ठरला. त्याला वाचवायची गरज नाही, आवरायची आहे. पण सर्वसामान्य माणसाच्या मनातला ‘खेकडा म्हणजे चिवट, कुठेही तगणारा’ हा समज बहुधा असल्याच जातींवरून आलेला असतो.

समज पुरता खोटाही नाही. रोममध्ये सम्राट ट्राजनच्या फोरम या चौकाखालच्या प्राचीन पाटांमध्ये पोटॅमॉन फ्लुव्हियाटिले हा नदीतला खेकडा आजही राहतो, अवतीभोवती एवढं मोठं शहर असताना. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला एक खेकडा ओहोळ आटला की बीळ खोल करतो, तोंड मातीने बंद करतो आणि आतल्या ओलाव्यावर पुढच्या पावसाची वाट बघत राहतो. या मंडळींच्या अंगात चिवटपणा आहेच. पण एखादी जात दुष्काळ सोसते म्हणून ती कीटकनाशकही सोसेल असं होत नाही. तिच्या कोट्यवधी वर्षांच्या अनुभवात दुष्काळ होता, बुलडोझर नव्हता.

या खेकड्यांच्या राहणीकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. आपण ‘नदी वाचवा’ म्हणतो तेव्हा यांच्यातले बरेच त्या वाक्यात येतच नाहीत. कारण ते नदीत राहत नाहीत. अनेक जाती निम्म्याहून जास्त आयुष्य पाण्याबाहेर काढतात. कवचाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कल्ल्यांच्या पोकळीचं अस्तर त्यांच्यात रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं, ते फुप्फुसाचं काम करतं आणि हवेतला प्राणवायू घेतं. मग ओलसर माती, दगडाखालची सावली, झऱ्याचा पाझर एवढं पुरतं. काहींनी तर जमीनही सोडली आहे. केरळमधल्या कानी मरंजंडु या जातीचं वर्णन २०१७ मध्ये झालं. हा खेकडा झाडांच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात राहतो, आणि ज्या कानी आदिवासींमुळे तो शास्त्रज्ञांना कळला त्यांचंच नाव त्याला मिळालं. पश्चिम आफ्रिकेत, टांझानियाच्या डोंगरांत आणि मादागास्करमध्येही ढोलीत राहणारे खेकडे आहेत, आणि त्यांचं घर म्हणजे एखादं जुनं, पोकळ झालेलं झाड. लाकूड म्हणून त्या झाडाला किंमत नसते, त्यामुळे ते आधी तोडलं जातं.

जमैकातल्या ब्रोमेलियाड खेकड्याची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. हा वर सांगितलेल्या खऱ्या गोड्या पाण्यातल्या कुळांपैकी नाही. त्याचे नातलग किनाऱ्याजवळचे, आणि त्याच्या अंड्यातून आजही अळीच बाहेर येते, फक्त तिचा काळ फार आखडलेला आहे. पण तो पुरता डोंगरात गेला आहे. ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातल्या झाडाच्या पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी साठतं, तिथे मादी पिल्लं वाढवते. आता विचार करा, पेलाभर पाणी, त्यात कुजणारी पानं, म्हणजे प्राणवायू कमी आणि पाणी आम्लधर्मी. वर कवचासाठी लागणारं कॅल्शियम जवळजवळ नाहीच. रुडॉल्फ डीझेल या शास्त्रज्ञाने या खेकड्यांवर अनेक वर्षं काम केलं. त्याला दिसलं की आई त्या पाण्यातली कुजकी पानं उचलून बाहेर टाकते. गोगलगायींचे रिकामे शंख शोधून आणून पाण्यात ठेवते. त्यांनी आम्लता उतरते आणि पिल्लांना चुना मिळतो. टाचणी या चतुराच्या नातलग कीटकाच्या अळ्या पिल्लं खायला येतात, त्यांना ती हुसकावते, मारते. हे सगळं महिनोन्‌महिने चालतं. संगोपन हा शब्द आपण पक्ष्यांसाठी आणि सस्तन प्राण्यांसाठी राखून ठेवलेला असतो. या आईने पाण्याची प्रत सुधारण्याचा उद्योग चालवलेला आहे, आणि तोही काही पेल्यांपुरता. असल्या प्राण्याच्या वस्तीचं क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये मोजायला आपण बसतो, तेव्हाच आपलं माप चुकलेलं असतं.

आता त्या मापाचीच गोष्ट. लाल यादीत एखादी जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवण्याचे जे मार्ग आहेत त्यातला एक क्षेत्रफळाचा आहे. जात प्रत्यक्षात व्यापते ते क्षेत्र १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी भरलं तर ती पहिली पायरी ओलांडते. मोजणीसाठी शिफारस आहे ती २ किलोमीटर बाजूच्या चौकटींची. म्हणजे एकाच ओढ्यात सापडलेल्या खेकड्याच्या वाट्याला येतात ४ चौरस किलोमीटर. पहिल्या पायरीला तो सहज उतरतो. पण एवढ्याने भागत नाही. वस्ती एकाच ठिकाणी आहे किंवा तुकड्यातुकड्यांत विखुरली आहे, ती घटते आहे, तिच्यात टोकाचे चढउतार होताहेत, यांपैकी किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. घट दाखवायची तर आधीची मोजणी हवी. ती कुणी केलेलीच नसते. मग क्षेत्रफळाने अतिसंकटग्रस्त ठरू शकणारा खेकडा पुराव्याअभावी ‘माहिती अपुरी’च्या पेटीत जाऊन पडतो. निकष चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांनी असा एक प्राणी गृहीत धरला आहे ज्याच्याकडे कुणीतरी आधीपासून बघत होतं.

खेकड्यांकडे कसं बघितलं गेलं, याचाही इतिहास आहे. मेरी रॅथबन यांनी १९०४ ते १९०६ या काळात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममधून आल्फ्रेड अल्कॉक यांनी भारतीय संग्रहातल्या खेकड्यांची सूची काढली. पुढे फ्रँकफर्टच्या सेन्केनबर्ग संग्रहालयात रिखार्ड बोट यांनी आफ्रिका आणि आशियातल्या कितीतरी जाती बाटल्यांतल्या नमुन्यांवरून लावल्या. कामं मोठीच होती, त्यांच्यावरच आजचं सगळं उभं आहे. पण नमुना कुणा अधिकाऱ्याने किंवा प्रवाशाने पाठवलेला, चिठ्ठीवर एखाद्या डोंगररांगेचं किंवा नुसतं प्रांताचं नाव, आणि नंतर शंभर वर्षं तिकडे कुणी फिरकलेलं नाही, अशा जाती ‘माहिती अपुरी’च्या यादीत पोत्याने आहेत.

त्यात ओळख पटवणंही सोपं नाही. जवळच्या दोन जातींमधला भरवशाचा फरक बहुतेकदा नराच्या पोटाखालच्या पहिल्या जननांगाच्या आकारात असतो, तोही सूक्ष्मदर्शकाखाली. हातात नुसती मादी किंवा पिल्लू आलं तर तज्ज्ञही पुष्कळदा खांदे उडवतात. एखाद्या प्रकल्पासाठी उन्हाळ्यात दोन दिवस पाहणी झाली, खेकडे बिळात खोल गेलेले, जाळ्यात आली ती दोन पिल्लं; अहवालात ‘खेकडा’ एवढा एक शब्द लिहिला जातो आणि पान उलटतं. यात कुणी लबाडी केलेली असतेच असं नाही. पाहणीची पद्धतच या प्राण्यासाठी केलेली नसते.

सिएरा लिओनमधलं उदाहरण मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. अफ्झेलियसचा खेकडा म्हणून ओळखली जाणारी जात १७९६ मध्ये गोळा केली गेली आणि त्यानंतर सव्वादोनशे वर्षं ती कुणा शास्त्रज्ञाला दिसली नाही. दुसरी एक, सिएरा लिओन खेकडा, १९५५ नंतर बेपत्ता होती. २०२१ मध्ये कॅमेरूनचे शास्त्रज्ञ पिएर म्वोगो न्दोंगो यांना दोन्ही सापडल्या, जांभळ्या-केशरी रंगात, जिवंत. सापडल्या त्या नदीत नाहीत. पाण्यापासून दूर, जमिनीतल्या बिळांत त्या राहत होत्या, आणि अशा जमिनीवरच्या खेकड्यांचा सुगावा तिथल्या रहिवाशांकडून लागला. या बातमीचा आनंद सगळ्यांनाच झाला. मला मात्र त्यातून उलटाही प्रश्न पडतो. सव्वादोनशे वर्षांत ती बिळं नांगरली गेली असती, तर ते कळलं कुणाला असतं? २००९ च्या त्या झडतीत एकही जात नामशेष झाल्याची खात्री देता आली नव्हती. हे वाक्य दिलासा म्हणून वाचलं जातं. पण जात संपली असं म्हणायलाही आधी कसून शोध घ्यावा लागतो, आणि शोध तर झालेलाच नाही. हा दिलासा ज्यांनी तपासलंच नाही त्यांनी दिलेला आहे.

अलीकडचे आकडेही या शंकेला दुजोराच देतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात गोड्या पाण्यातल्या प्राण्यांचा मोठा आढावा आला. त्यात मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-झिंगे-क्रेफिश यांचा दशपाद गट मिळून २३,४९६ जाती होत्या. एकूण २४ टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात निघाल्या, आणि तीन गटांत सगळ्यांत वाईट अवस्था दशपादांची होती, ३० टक्के.

धोके कोणते, हे सांगायला फार जागा नको. जंगल तुटतं, सावली जाते, उतारावरची माती धुपून ओढ्यात येते आणि दगडांमधल्या फटी बुजवते. पाणी वळवलं जातं. एक धोका मात्र खेकड्यांचा खास आहे. डायफ्लुबेन्झुरॉनसारखी काही कीटकनाशकं किड्यांच्या कवचातलं कायटिन तयार होऊ देत नाहीत, म्हणजे कात टाकताना किडा मरतो. माणसाला आणि माशांना त्यांचा त्रास कमी, म्हणून ती सौम्य मानली जातात. पण खेकड्याचं कवचही कायटिनचंच असतं आणि त्यालाही आयुष्यभर कात टाकावी लागते. मासे जिवंत दिसले म्हणून ओढा सुरक्षित ठरवणाऱ्या चाचणीत हे दिसणारच नाही.

संरक्षित जंगलाची हद्द आखली की काम झालं, असं समजणाऱ्यांनी सिंगापूरकडे बघावं. जोहोरा सिंगापोरेन्सिस हा जेमतेम तीन सेंटिमीटरचा खेकडा पीटर एन्ग यांनी १९८६ मध्ये शास्त्रापुढे आणला, बुकित तिमा या राखीव जंगलातल्या ओढ्यातून. जंगल राखीव, देश श्रीमंत, कायदे कडक. तरीही पुढे त्या मूळ ओढ्यातून तो गेला. पाण्याची आम्लता वाढल्याचा संशय आहे. जंगलाची हद्द पावसाला कळत नाही. उरलेल्या खेकड्यांचा बराचसा आधार राखीव क्षेत्राबाहेरचे बारके ओहोळ होते. २०१२ मध्ये जगातल्या सर्वाधिक संकटातल्या १०० जातींच्या यादीत त्याचं नाव आलं. त्यानंतर सरकारी उद्यान विभाग, विद्यापीठ आणि प्राणिसंग्रहालय यांनी मिळून त्याची पैदास आणि पुनर्वसन हाती घेतलं, आणि ते काम खरोखर कौतुकाचं आहे. पण त्यातून ‘मग सगळ्यांचीच टाक्यांत पैदास करू’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना माझा विरोध आहे. एका वेळी मोजकी अंडी घालणारा, एकेका ओढ्याच्या पाण्याला सरावलेला हा प्राणी. एका जातीसाठी एवढी यंत्रणा राबवावी लागली. सहाशे जातींसाठी ती कोण राबवणार?

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार असा की संशयाचा फायदा खेकड्याला दिला तर डोंगरात काहीच करता येणार नाही. हे तितकंसं खरं नाही, कारण सगळ्याच खेकड्यांसाठी मी हे मागत नाही. सखल प्रदेशातल्या, पूरमैदानातल्या जाती दूरवर पसरलेल्या असतात. भातशेतीत राहणारे काही खेकडे तर रोपं कापतात, बांध पोखरतात. तिथे शेतकऱ्याची बाजू मला पटते. मागणी आहे ती उगमाकडच्या लहान ओहोळांपुरती, पाझरांपुरती, सड्यांवरच्या कपारींपुरती, जिथे दोन किलोमीटरवर जात बदलू शकते. तिथेही ‘हात लावू नका’ असं म्हणणं नाही. खेकड्याला लागतं ते दगड, सावली, स्वच्छ पाणी आणि बीळ करता येईल अशी काठाची माती. ओढ्याच्या तळाला सिमेंट न फासणं, काठापासून झाडांचा पट्टा सोडणं, राडारोडा उतारावर न ढकलणं, कातीवर परिणाम करणारी रसायनं पाण्याजवळ न फवारणं, या अटींनी रस्ता अडत नाही. फार तर महाग होतो. पण तो स्वस्त दिसत होता तेव्हाही किंमत कुणीतरी मोजतच होतं.

थायलंडच्या महासारखाम प्रांतात याहूनही पुढे जाऊन दाखवलं आहे. राजकन्या चुळाभोर्न यांचं नाव असलेला थायपोटॅमॉन चुळाभोर्न हा जांभळा-केशरी खेकडा जिथे राहतो ते डून लंफन नावाचं पाणथळ जंगल शिकारबंदीचं क्षेत्र आहे, आणि ते ओळखलं जातं या खेकड्यामुळेच. राजघराण्यातलं नाव मिळणं प्रत्येक खेकड्याच्या नशिबी नसतं हे खरं. पण एका खेकड्यासाठी जागा राखून ठेवल्याने आभाळ कोसळत नाही, एवढं तरी यातून कळतं.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. पॅरागोनिमस नावाचा फुप्फुसातला चपटा कृमी गोगलगायीतून खेकड्यात आणि कच्चा किंवा अर्धकच्चा खेकडा खाणाऱ्या माणसात जातो. पूर्व आफ्रिकेत सिम्युलियम नीव्हाय या काळ्या माशीच्या अळ्या चक्क नदीतल्या खेकड्यांच्या अंगावर वाढतात, आणि ती माशी माणसाला आंधळं करणारा रोग पसरवते. कित्येक वर्षं या माशीच्या अळ्या सापडतच नव्हत्या. १९५० मध्ये केनियात त्या खेकड्यांवर सापडल्या. आक्षेप खरा आहे, पण त्याचा उपाय खेकडे संपवणं हा नाही. पहिल्या रोगाला पुरेसं शिजवणं पुरतं, दुसऱ्यासाठी औषधं आणि अळ्यांवरचे नेमके उपाय आहेत. उलट मला यातून दिसतं ते असं की कोणता खेकडा कुठे राहतो हे न कळल्याने माणसाचंही नुकसान होतं.

‘खेकड्याचा उपयोग काय’ हा प्रश्न मला मुळात आवडत नाही, तरी विचारला जातो म्हणून सांगतो. उष्ण कटिबंधातल्या अनेक ओढ्यांत पडलेली पानं चघळून बारीक करणारे किडे कमी असतात, ते काम खेकडे करतात; आफ्रिकेतल्या काही डोंगरी ओढ्यांत तळाच्या अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या एकूण वजनातला मोठा वाटा त्यांचाच भरतो. आफ्रिकेतलं केप पाणमांजर आणि आशियातलं छोट्या नखांचं पाणमांजर मुख्यतः खेकड्यांवरच जगतं. पाणमांजराच्या संरक्षणाला माणसं पटकन तयार होतात. त्याच्या ताटातल्या जिनसेविषयी मात्र कुणी विचारत नाही.

तिसरी अडचण माझ्याच बाजूची आहे. प्रत्येक ओहोळ नोंदवायचा, कोणती जात कुठे आहे हे जाहीर करायचं, म्हणजे हौशी मत्स्यालयांच्या व्यापाऱ्यांना पत्ता देणंच. जावामधले जिओसेसार्मा वंशाचे दोन ‘व्हॅम्पायर’ खेकडे, डोळे पिवळे, एकाचं अंग जांभळं, दुसऱ्याचं केशरी, सुमारे दहा वर्षं बाजारात विकले जात होते, आणि त्यांना शास्त्रीय नाव मिळालं ते २०१५ मध्ये. व्यापाऱ्यांनी ठिकाण लपवलं होतं, चुकीची ठिकाणं सांगितली होती. तेव्हा नोंद खोऱ्यापर्यंत उघड असावी आणि नेमका ओढा संग्रहालयाच्या दप्तरात राहावा, असा मधला मार्ग मला सुचतो. तो फार समाधानकारक आहे असं नाही. परवानगी देणाऱ्याला नेमकं ठिकाण कळायला हवं आणि तस्कराला कळायला नको, या दोन अपेक्षा कायम भांडतच राहणार.

पण संशयाचा फायदा कायमचा असावा, असं मात्र मला वाटत नाही. ते अन्यायाचंही होईल आणि कामाचंही नाही. तो मुदतीचा असावा. एखाद्या ओहोळावर काम काढायचं असेल आणि तिथल्या खेकड्यापुढे ‘माहिती अपुरी’ लिहिलेलं असेल, तर दोन पावसाळे त्या ओहोळात आणि आजूबाजूच्या ओहोळांत शोध व्हावा, खेकडे बिळाबाहेर असतात त्या दिवसांत आणि रात्री. खर्च काम काढणाऱ्याने द्यावा, शोध घेणाऱ्यांची निवड मात्र त्याच्या हातात नसावी. नमुने सार्वजनिक संग्रहालयात जमा व्हावेत म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला तपासून बघता येतील. तोच खेकडा शेजारच्या खोऱ्यांतही मुबलक निघाला, तर काम सुरू करा आणि यादीतला शेरा बदला. नाही निघाला, तर त्याला तूर्त अतिसंकटग्रस्त धरून अटी घाला. आणि दोन पावसाळ्यांत नर मिळालाच नाही, नुसत्या माद्या मिळाल्या, तर तिसऱ्या पावसापर्यंत थांबा.